मंजूर नकाशा आधी हातात घ्या
शेजारी आपल्या हद्दीला खेटून बांधतोय, पण नगरपालिकेने त्याच्या बांधकामाचा नकाशा मंजूर केला म्हणजे आता काहीच करता येणार नाही, असं काही जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. बांधकाम परवानगीने जागेची मालकी ठरत नाही. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.

माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत काढा आणि सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा) ताडून बघा. खरी गडबड बहुधा इथेच निघते: कागदावर अंतर सोडलेलं, जागेवर भिंत पुढे आलेली. तसं दिसलं तर १९६६ च्या एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ५३ खाली, म्हणजे बेकायदा बांधकाम हटवण्याच्या तरतुदीखाली, कारवाईची लेखी मागणी करा, पोच घ्या. तुमच्या खिडकीला २० वर्षं अखंड उजेड-वारा मिळत असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचाही (शेजारच्या जागेवरून मिळणाऱ्या उजेड-वाऱ्यासारख्या हक्कांचा कायदा) आधार आहे. पण हे सगळं स्लॅब पडायच्या आत करा, कृपा करून.