पॉलिपच्या ऑपरेशननंतर कुजबुजलेलं चालतं का? आठव्या दिवशी बोलायचं कसं?

मौनव्रत: दुर्बिणीतून स्वरतंतूवरचा पॉलिप (मऊ गाठ) काढलाय. सर्जननी ७ दिवस पूर्ण मौन सांगितलंय, आज तिसरा दिवस. अगदी गरजेपुरतं कुजबुजलं तर चालेल का? आणि आठव्या दिवशी एकदम बोलायला लागायचं का? काम शिकवण्याचं आहे, रोज चार-पाच तास बोलणं होतं. जिभेची एक बाजूही बधिर वाटते.

श्वासलय: कुजबुज अजिबात नको. आवाज फुटत नसला तरी बहुतेक जण कुजबुजताना स्वरयंत्र आवळून धरतात. लिहून दाखवा. त्याहून जास्त नुकसान खाकरण्यानं होतं. त्यात दोन्ही तंतू एकमेकांवर जोरात आपटतात आणि जखम नेमकी त्याच कडेवर असते. घशात चिकट काही अडकल्यासारखं वाटलं की पाण्याचा घोट घ्या आणि आवाज न करता जोर लावून गिळा. जड वजन उचलणं आणि शौचाला कुंथणंही टाळा, कारण श्वास रोखला की तंतू घट्ट मिटतात.

गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. साध्या पाण्याची वाफ मात्र पोचते.

नादरेषा: आठव्या दिवसाबद्दल. बोलायची परवानगी मिळाली की सुरुवात स्ट्रॉने करा. ग्लासात अर्धं पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक २-३ सेंटीमीटर बुडवा आणि सहज लागेल त्या पट्टीत हलकासा 'ऊ' म्हणा. तोंडात साठणाऱ्या हवेच्या दाबामुळे तंतू एकमेकांवर कमी जोरात आदळतात. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. कंप ओठांवर जाणवला तर बरोबर चाललंय, घशात ताण आला तर थांबा.

बोलणं पहिल्या दिवशी एकूण ५-१० मिनिटं, तेही मिनिटा-मिनिटाच्या तुकड्यांत. मग रोज थोडं वाढवायचं. सर्जन किंवा स्पीच थेरपिस्टनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. आवाज घोगरा येईल, तो 'मोकळा' करायला जोर लावू नका. तंतूच्या वरच्या आवरणाखाली जेलीसारखा मऊ थर असतो, त्यावरच ते आवरण लहरतं. तिथे व्रण धरला की थर ताठरतो आणि मग आवाज सुधारणं फार अवघड जातं. म्हणून वर्गात परतायची घाई करू नका. परत जाल तेव्हा माईक घेऊनच.

श्वासलय: जिभेचं राहिलंच. ऑपरेशनच्या वेळी स्वरयंत्र सरळ दिसावं म्हणून धातूची नळी जिभेवर दाबून धरतात, त्यानं तिथली नस दबते. चव बदलल्यासारखी वाटणंही त्यातलंच. सहसा काही आठवड्यांत कमी होतं, पण पुढच्या तपासणीत सांगाच. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, धाप लागली किंवा ताजं रक्त पडलं, तर मात्र तपासणीची तारीख बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

मौनव्रत: कालपासून दोन-तीनदा खाकरून झालंय, आता बंद. वही उशाशी ठेवली आहे. बायोप्सीचा रिपोर्ट आठव्या दिवशीच मिळेल ना?

नादरेषा: तेव्हा आलेला असू शकतो. तपासणीला जाल तेव्हा स्वतःहून मागून घ्या. आणि स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची हालचाल बघायची तपासणी) कधी करणार तेही वहीत लिहून न्या, तंतू नीट लहरतोय का हे तिच्यात दिसतं.