लाँगमोरला ‘रडका’ म्हणण्याआधी १९४० चा हिशोब बघा

किनारपट्टी
परवा इथेच कोणीतरी लिहिलं, "आर्थर लाँगमोर म्हणजे विमानं द्या, विमानं द्या म्हणून रडणारा सेनापती. चर्चिलने मे १९४१ मध्ये परत बोलावला, टेडर आला आणि चित्र पालटलं." लाँगमोर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख, टेडर त्याच्या जागी आलेला. गप्प बसवेना, म्हणून लिहितोय.

ब्रिटिश नौदलाने १९११ मध्ये ईस्टचर्चला उडायला शिकवलेल्या पहिल्या चौघांतला हा माणूस. त्याच वर्षी १ डिसेंबरला विमानाच्या चाकांपाशी आणि शेपटीखाली हवा भरलेल्या पिशव्या बांधून मेडवे नदीत उतरला. २८ जुलै १९१४ ला कॅलशॉटला विमानातून चौदा इंची टॉर्पेडो (पाणतीर) सोडला. हा घाबरट?

मे १९४० मध्ये कैरोला पोचला तेव्हा पहिल्या फळीची विमानं सुमारे ३००, त्यात जुनी दुपंखी ग्लॅडिएटर लढाऊ विमानं. सांभाळायचं काय, तर इजिप्त, पॅलेस्टाईन, सुदान, केनिया, एडन, माल्टा. हरिकेन लढाऊ विमानं खोक्यांतून पश्चिम आफ्रिकेतल्या ताकोराडी बंदरात यायची, तिथे जोडायची आणि आफ्रिका ओलांडून कैरोला न्यायची. वाटेत वाळूने इंजिनांची वाट. वर चर्चिलची तार, हजार विमानं असताना लढायला इतकी कमी का! अहो, वहीतलं विमान वेगळं, उडणारं वेगळं.

रोकठोक
ती पोस्ट माझीच. टंचाई कोणाला नव्हती? आणि नोव्हेंबर १९४० मध्ये लंडनच्या हुकमाआधीच ग्रीसला ब्लेनहाइम बाँबफेकी विमानं कोणी पाठवली? यानेच. आधी स्वतः वाटायचं, मग कमी पडतं म्हणायचं.

किनारपट्टी
पाठवली, आणि तेव्हा चर्चिलनेच पाठ थोपटली होती! टेडर त्याचाच उपप्रमुख. ताकोराडीची वाट रुळली लाँगमोरच्या काळात, फळ मिळालं टेडरला.

साताऱ्याची नात
माझे आजोबा ३/५ मराठा पलटणीचे, मार्च १९४१ मध्ये इटालियनांशी लढताना एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर. पाण्याची पखाल खांद्यावर घेऊन चढायचे. म्हणायचे, वर घरघर आली की आधी दगडाआड जायचं, मग आपलं की त्यांचं ते बघायचं. शेवटी शेवटी बहुतेक आपलीच असायची. ती विमानं लाँगमोरच्या हाताखालचीच. तुमच्या तारा राहू द्या बाजूला.

लोहगावकर
मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. १ एप्रिल १९१८ ला नौदलाची विमानं हवाई दलात घातली, तिथे घोळ झाला. आपल्याकडे उलटं. एअर इंडियाकडून हवाई दलाला आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं पुण्याहून समुद्रावर टेहळणीला जायची. वडील त्यांच्यावर मेकॅनिक. परतलेल्या विमानाच्या पंख्यांवरचं मीठ फडक्याने पुसायचे, बोटं फुटायची. १९७६ मध्ये ती नौदलाला दिली. इतक्या वर्षांचा अनुभव पाण्यात!

वास्कोचा दर्यावर्दी
पाण्यात कसला? गोव्यात नौदलाच्या दाबोळी तळावर आला! समुद्र ज्याचा, त्यावरचा डोळाही त्याचाच हवा. वरून पाणबुडीचा पेरिस्कोप ओळखायला दर्या माहीत असावा लागतो.

लोहगावकर
माझ्या वडिलांना माहीत नव्हता? तोंड सांभाळून बोला.

वास्कोचा दर्यावर्दी
वडिलांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. निर्णयाबद्दल बोलतोय, आणि तो बरोबरच होता.

किनारपट्टी
दोघेही थांबा, लाँगमोरपाशी या. ११ नोव्हेंबर १९४० ला इटलीच्या तारांतो बंदरावर ब्रिटिश नौदलाच्या २१ स्वोर्डफिश विमानांनी टॉर्पेडो आणि बाँब घेऊन हल्ला केला, इटलीच्या तीन युद्धनौका निकामी. त्याआधी बंदराचे फोटो काढले माल्टाच्या मेरीलँड विमानांनी, म्हणजे लाँगमोरच्या कमांडने. टॉर्पेडो म्हणजे काय हे त्याला कोणी समजावायला नको होतं. नौदलाचा गणवेश जाऊन हवाई दलाचा आला म्हणून समुद्र विसरला नाही.

रोकठोक
बरं, ‘रडका’ शब्द मागे घेतो. तेवढाच. टॉर्पेडोचं म्हणाल तर इटलीच्या ग्विदोनी या वैमानिकाने १९१४ मध्येच त्याच्याआधी सोडून पाहिला होता. आणि ग्रीसबद्दल मी तसूभरही हलणार नाही.

साताऱ्याची नात
शब्द मागे घेतलात, बास. आजोबा असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

लोहगावकर
दर्यावर्दी, दाबोळीला गेलेल्या विमानांवर पुण्याचे किती मेकॅनिक गेले, तेवढं सांगा. मग निर्णयाचं बोलू.