अमेरिकेत लेकीचा पगार थांबलाय. पैसे पाठवू का, आणि तिला विचारू कसं?

काळाचौकीची_आई (26 ऑक्टोबर 2025)

नमस्कार. मी काळाचौकीला राहते, वय 62. राज्य सरकारच्या एका कार्यालयात लिपिक होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगी मेरीलँडमध्ये असते, तिथल्या केंद्र सरकारच्या हवामान खात्यात. जावई संगणकाचं काम करतो. तेही सरकारी कार्यालयाचंच, पण ठेकेदार कंपनीमार्फत. नात सहा वर्षांची आहे.

1 ऑक्टोबरपासून तिथलं सरकार बंद आहे, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. त्यांचं आर्थिक वर्ष त्या दिवशी सुरू होतं आणि तोवर खर्चाची विधेयकं मंजूर झाली नाहीत तर सरकारला पैसे खर्चच करता येत नाहीत. यंदा आरोग्य विम्याच्या अनुदानावरून दोन पक्षांचं अडलंय. काही लाख लोकांना घरी बसवलंय आणि साधारण तितक्याच लोकांना बिनपगारी कामावर बोलावलंय. माझी लेक दुसऱ्या गटात. हवामानाचा अंदाज थांबवता येत नाही ना. दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी जगभरात एकदम फुगे सोडतात हवेत, ते तिनंच मला एकदा समजावलं होतं. सरकार बंद असलं तरी फुगा सुटलाच पाहिजे.

10 तारखेच्या सुमारास तिला अर्धवट पगार आला. 24 च्या सुमारास काहीच आलं नाही. जावयाला तर कंपनीनं पहिल्याच आठवड्यात घरी थांबायला सांगितलं. दिवाळी अशी गेली. फराळही वेळेत पोहोचला नाही. ऑगस्टअखेरीपासून आपल्या टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं होतं, ती ऑक्टोबरच्या मध्यावर परत सुरू झाली, तोवर उशीर झाला होता.

तिची रात्रपाळी सकाळी सातला सुटते, आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात. गाडीतून घरी जाताना ती फोन करते. "सगळं ठीक आहे गं आई" असं इतक्या लवकर म्हणते की मला पुढचं विचारता येत नाही.

माझी पेन्शन आहे, थोडी शिल्लक आहे. मला पैसे पाठवायचेत. पण मी एक गोष्ट पाहिलीय, म्हणून माझा पाय अडतो.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी 19 वर्षांची होते. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. अडीच लाख कामगार बाहेर आले होते. घरात रोज एकच वाक्य ऐकायचं, "सोमवारी मिटेल." किती सोमवार गेले त्याची मोजदाद नाही. पगार नाही हे आईनं निभावलं. गावाहून तांदूळ आला, कोपऱ्यावरच्या वाण्याची वही वाढत गेली, तांब्याचा हंडा गहाण पडला. पण कधी मिटणार ते माहीत नसणं वडिलांना आतून खात गेलं. चाळीच्या गॅलरीत ते तासन्‌तास उभे असत. त्याच काळात वरच्या मजल्यावरच्या काकू माझ्या टायपिंगच्या क्लासची सहा महिन्यांची फी परस्पर भरून आल्या आणि पावती आईच्या हातात ठेवली. त्या टायपिंगवर मला पुढे नोकरी लागली, तीस वर्षांहून जास्त केली. पण वडील त्या काकूंशी कित्येक महिने बोलले नाहीत. जिन्यात समोर आल्या की मान खाली घालायचे. उपकार मोठा होता, पण विचारून केला नव्हता, हे त्यांना लागलं होतं, असं मला आता वाटतं.

माझी मुलगी त्यांच्यावर गेलीय. पैसे सरळ पाठवले तर ती परत करेल. विचारलं तर नको म्हणेल. यातून कुणी गेलंय का? आणि इथून पैसे पाठवायचे म्हणजे नेमकं काय करावं लागतं?

बँकेतला_निवृत्त (26 ऑक्टोबर)

ताई, व्यवहाराचं मी सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तुम्हाला त्याच्या जवळपासही जायचं नाही. तुमचं खातं असलेल्या बँकेत पॅन घेऊन जा, ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरा, कारणाच्या जागी जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह किंवा भेट असं लिहायचं. मुलीचं तिथल्या बँकेचं नाव, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागेल. वर्षभरात दहा लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापत नाहीत. ही मर्यादा या एप्रिलपासून सातावरून दहा झाली. तिलाही तिथे त्यावर कर नाही, परदेशातून आलेल्या भेटीची माहिती तिथे लाख डॉलरच्या वर गेल्यावरच कळवावी लागते. थोडं थोडं पाठवण्यापेक्षा एकदम पाठवा, दर वेळी वेगळं शुल्क बसतं. डॉलरचा भाव काउंटरवर विचारून घ्या, घासाघीस केली तर थोडा सुधारतो.

ठाणे_परत (27 ऑक्टोबर)

मावशी, 2018-19 ला मी तिथे व्हर्जिनियात होतो. तेव्हाही सरकार असंच बंद होतं, 22 डिसेंबरपासून 25 जानेवारीपर्यंत, 35 दिवस. मीही तुमच्या जावयासारखाच ठेकेदारामार्फत होतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो.

मुलीचे पैसे बहुधा येतील. तो बंद चालू असतानाच जानेवारी 2019 मध्ये कायदा झाला की सरकारी नोकरांना थांबलेला पगार नंतर द्यायचाच. या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हाइट हाऊसच्या एका टिपणाची बातमी आली, घरी बसवलेल्यांना तो आपोआप मिळेलच असं नाही म्हणून. त्यामुळे तिथे सगळे हादरलेत. पण ती कामावर आहे, तिची बाजू भक्कम आहे. तिचा आरोग्य विमाही चालू राहतो, हप्ता नंतर पगारातून कापतात. मेरीलँड राज्य बिनपगारी काम करणाऱ्या केंद्राच्या नोकरांना 700 डॉलर बिनव्याजी कर्जाऊ देतं, त्यासाठी अर्ज केलाय का एवढं विचारा.

जावयाचं तसं नाही. ठेकेदाराच्या माणसाचे गेलेले दिवस गेलेच, त्यासाठी कुठलाच कायदा नाही. एका घरात एकाचा पगार उशिरा येणार आणि दुसऱ्याचा येणारच नाही, यातून नवरा-बायकोत जे होतं ते बाहेरच्याला दिसत नाही. माझी बायको तेव्हा एका शाळेत नोकरी करायची, तिचा पगार चालू होता. सकाळी ती डबा घेऊन निघाली की मी भांडी घासायला घ्यायचो आणि ती आधीच घासलेली असायची. त्यावरूनही आमचं भांडण झालं.

एक कळकळीनं सांगतो. माझी आई रोज ठाण्याहून फोन करून विचारायची, "आज काही कळलं का रे?" तिचा जीव तुटत होता, मला समजत होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तिथल्या संसदेकडे, सिनेटकडे होतं. शेवटी मी तिचा फोन उचलेनासा झालो. तुम्ही ते विचारू नका. दुसरं काहीही विचारा, नातीचा दात पडला का ते विचारा.

डेपोजवळची (27 ऑक्टोबर)

माझे यजमान बसचालक, एका सार्वजनिक बससेवेत. मध्ये एक काळ असा गेला की पगार दोन-दोन महिने मागे जायचा आणि तारीख कुणीच सांगायचं नाही. पहिला महिना मी रोज वाट पाहिली, मोबाइलचा मेसेज वाजला की पळायचे. दुसऱ्या महिन्यापासून ठरवलं की पगार येणारच नाही असं धरायचं. दर महिन्याच्या 10 तारखेला आम्ही दोघं वही घेऊन बसायचो. काय थांबू शकतं, काय थांबू शकत नाही. दूध, वीज, मुलाची परीक्षा फी थांबू शकत नाही. भिशीतला माझा नंबर एका मैत्रिणीनं स्वतः मागे घेऊन मला आधी दिला, तेवढ्यात सोसायटीच्या कर्जाचा हप्ता निघाला. 10 तारीख सोडून इतर दिवशी पैशाचा विषय घरात काढायचा नाही, असा नियमच केला. त्यानं झोप लागायला लागली.

आणि ताई, तुमच्या वडिलांचं वाचून वाटलं, त्या काकूंनी पावती आईऐवजी त्यांच्याच हातात दिली असती तर? माणसाला समोर घेऊन बोलावं लागतं. फक्त लेकीशी बोलू नका, जावयालाही फोनवर घ्या.

मुलुंड_पूर्व (28 ऑक्टोबर)

थोडं अवांतर. आपल्याकडे असं होऊ शकतं का?

बँकेतला_निवृत्त (28 ऑक्टोबर)

तसं नाही होत. अर्थसंकल्प पूर्ण मंजूर व्हायच्या आधी खर्चासाठी घटनेच्या 116 व्या कलमानं लेखानुदान, म्हणजे काही काळाच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, घेता येतं. आणि लोकसभेत सरकारला पैसेच मंजूर करून घेता आले नाहीत तर सरकार जातं, कार्यालयं बंद पडत नाहीत. पगार लांबणं हा वेगळा विषय, ते आपल्याला नवं नाही.

काळाचौकीची_आई (29 ऑक्टोबर)

खरं आहे. 31 मार्च 2020 ला राज्य सरकारनं मार्चचा पगार दोन टप्प्यांत देणार म्हणून जाहीर केलं तेव्हा मी नोकरीत होते. आमच्या क वर्गाला आधी 75 टक्के. उरलेले येणार हे माहीत होतं, तरी त्या रात्री मी दोनदा उठून पासबुक पाहिलं.

ठाणे_परत, तुमचं वाचून मला रडू आलं. मी रोज तेच विचारत होते. 1 तारखेपासून, एकही दिवस न चुकता. काल विचारलं नाही. काल मेलिसा चक्रीवादळ जमैकावर धडकलं, त्याबद्दल विचारलं. तिचं कार्यालय त्या भागाचं काम पाहत नाही, पण तिकडे नजर ठेवून बसलेलेही असेच बिनपगारी, तिच्याच खात्यातले. ती पंचवीस मिनिटं बोलली, वाऱ्याचा वेग, डोळा म्हणजे काय, विमानं आत कशी जातात. या महिन्यात इतकं सलग बोललीच नव्हती.

रविवारी जावयाला फोनवर घेणार आहे.

काळाचौकीची_आई (3 नोव्हेंबर)

काल बोलले. आधी कागदावर वाक्य लिहून ठेवलं होतं, ते वाचलंच नाही. जावयाला म्हटलं, तुमच्या घराच्या हप्त्यात मला पडायचं नाही. पण नातीला शाळा सुटल्यावर जिथे सांभाळतात तिथले ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे मला द्यायचेत, आजी म्हणून, तुम्ही हो म्हणालात तर. किती होतात ते तुम्ही सांगा. मग त्यांना माझ्या वडिलांची आणि त्या काकूंची गोष्ट सांगितली. मुलीलाही ती आजवर माहीत नव्हती.

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "आई, मी घरीच असतो म्हणून तिला तिथून काढायचं ठरवलं होतं. पण काढलं तर काम सुरू झाल्यावर जागा मिळणार नाही." हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आज सकाळी त्यानं स्वतः खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड पाठवला. दोन महिन्यांचे मिळून 900 डॉलर, ऐंशी हजारांच्या आसपास. बँकेत जाऊन ए-2 भरून आले. काउंटरवरच्या मुलीला भाव विचारला, थोडा कमी केला तिनं.

डेपोजवळची, तुमचा 10 तारखेचा नियमही सांगितला. मुलगी म्हणाली, आमची 15 ठेवू.

डेपोजवळची (3 नोव्हेंबर)

फार बरं वाटलं वाचून.

काळाचौकीची_आई (21 नोव्हेंबर)

पुढचं कळवते. 12 तारखेच्या रात्री खर्चाच्या विधेयकावर सही झाली आणि तिथलं सरकार सुरू झालं, 43 दिवसांनी. मुलीचा थांबलेला पगार या आठवड्यात आला. जावई सोमवारपासून कामावर, त्याचे दिवस मात्र गेले ते गेलेच. हा निधी 30 जानेवारीपर्यंतच आहे, म्हणून तिनं आलेल्या पगारातून आधी दोन महिन्यांचा घराचा हप्ता बाजूला काढून ठेवलाय.

तिथली घड्याळं आता तासभर मागे गेलीत, फोन साडेपाचला येतो. काल नात बोलली. दात पडला आहे, वरचा, डावीकडचा.