मान्हवा कुठून सुरू करू? मांगा वाचणारीला सल्ला हवाय

निळी_शाई
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. गेली दहाएक वर्षं मी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, वाचतेय, कॉलेजात मैत्रिणीने एक खंड हातात दिला तेव्हापासून, आणि आता उजवीकडून डावीकडे वाचायची इतकी सवय झालीये की साधं मासिक उचललं तरी हात आधी मागच्या कव्हरकडे जातो. माझा धाकटा भाऊ सोलो लेव्हलिंग या कोरियन कॉमिकवरच्या अ‍ॅनिमेचा हिंदी डब बघून वेडा झालाय, रोज म्हणतो ताई मान्हवा, म्हणजे कोरियन कॉमिक, वाच, सगळं रंगीत असतं. म्हणून एका गाजलेल्या कोरियन सिरीजचा (दुसरीच आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही) छापील पहिला खंड मागवला. कागद छान, रंग छान, पण वाचताना सारखं काहीतरी हुकतंय असं वाटत राहिलं. चौकटी पानावर सुट्यासुट्या पडल्यासारख्या, मधे उगाच मोकळी जागा, मोठा प्रसंग येतो पण छातीत धडधड काही होत नाही.

तर मान्हवा आणि मांगात नेमका फरक काय, रंग सोडून? आणि काय वाचू? राक्षस मारून लेव्हल वाढवणारं नको, मोठ्यांच्या गोष्टी हव्यात. भीतीदायक चालेल.

शेवटचा_डबा
ताई, तुमची निवड चुकलेली नाही, तुम्ही ती कागदावर वाचलीत तिथे घोटाळा झालाय. आज गाजणारं बहुतेक कोरियन कॉमिक म्हणजे वेबटून, ते मोबाईलवर वरून खाली सरकवत वाचायलाच काढलेलं असतं. दाऊम या कोरियन पोर्टलने २००३ मध्ये सुरू केलं, नेव्हर या दुसऱ्या पोर्टलने २००४ मध्ये, आणि कांग फुल नावाच्या चित्रकाराने त्याच सुमारास एक लांबलचक उभी प्रेमकथा चालवून दाखवली की पान नावाची गोष्ट नसली तरी चालतं. त्याआधी तिकडे मान्हवाबांग असायचे, म्हणजे भाड्याने कॉमिक वाचायची दुकानं, आपल्या कोपऱ्यावरच्या लायब्ररीसारखी. १९९७ चं आर्थिक संकट आलं, छापील मासिकांचे हाल झाले, आणि त्याच काळात घराघरात वेगवान इंटरनेट पोचत होतं, मग चित्रकार तिकडे गेले.

आता तुमची धडधड. मांगात धक्का पान उलटण्यात लपवलेला असतो, पान संपताना कोणीतरी दचकून बघतो आणि उलटलं की समोर दोन पानभर चित्र. तुम्ही दहा वर्षं वाचताय म्हणजे बोटांना ते पाठ आहे. वेबटूनमध्ये उलटायला काही नाहीच, तिथे वेळ मोजायची ती दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेने. जागा लहान तर लगेच पुढचा क्षण, जागा लांब तर माणूस गप्प उभा आहे, आणि पांढरी जागा हळूहळू काळी होत गेली की समजायचं आता काहीतरी येणार, आणि तुमचा अंगठा आपोआप हळू होतो. पुस्तक करताना तीच लांब पट्टी कापून पानावर बसवावी लागते, तेव्हा ही जागा एकतर जाते किंवा नुसती रिकामी दिसते. तुम्हाला जे हुकल्यासारखं वाटलं ना, ते तेच.

खात्री करायची असेल तर होरांगचं बोंगचॉन-दोंगचं भूत वाचा, २०११ च्या उन्हाळ्यात नेव्हरने भयकथा काढल्या होत्या त्यातलं, पाच मिनिटांत होतं. रात्री, मोबाईलवर. काय होतं ते सांगत नाही, फक्त लहान मुलं किंवा हृदयाचा त्रास असलेलं कोणी शेजारी असेल तर दाखवू नका हे खरंच सांगतोय.

चौकट_राजा
डबेवाले, जागेचं पटलं पण एक दुरुस्ती. मान्हवा म्हणजे वेबटून नाही. मान्हवा, मांगा आणि चिनी मान्हुआ तिन्ही एकाच चिनी अक्षरजोडीचे उच्चार आहेत, आणि कोरियात छापील व्यंगचित्रं १९०९ मध्येच वर्तमानपत्रात येत होती, ई दो-यॉन्ग यांची. पुढच्याच वर्षी जपानने देश गिळला तो १९४५ पर्यंत. म्हणून 'मान्हवा म्हणजे रंगीत मांगा' असं कोणी म्हटलं की मला राग येतो. जपानी प्रभाव होताच, चोरून छापलेला मालही होता, आणि जपानी सांस्कृतिक मालावरची बंदी १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठत गेली, पण त्या समाजाच्या जखमा वेगळ्या आहेत आणि त्या चित्रात दिसतात.

छापील मान्हवा बहुतेक काळापांढराच, आणि डावीकडून उजवीकडे, आपल्यासारखा. जपानी लिपी परंपरेने उभी, उजव्या ओळीपासून लिहितात म्हणून मांगा तसा चालतो, आजची कोरियन आडवी लिहितात म्हणून मान्हवा असा.

निळी शाई, तुम्हाला कागदच आवडत असेल तर 'ग्रास' (इंग्रजी grass, गवत) हे कॉमिक घ्या, कुम सुक जॉन्द्री-किम यांचं. इंग्रजी अनुवाद २०१९ चा. ई ओक-सन या आजींना किशोरवयात जपानी सैन्याच्या वेश्यागृहात नेलं गेलं, युद्ध संपल्यावरही त्या चीनमध्येच राहिल्या आणि थेट २००० मध्ये मायदेशी परतल्या, लेखिकेने त्यांच्याशी बोलून हे काढलंय. सगळं काळ्या शाईच्या कुंचल्याने. जिथे अत्याचार दाखवायचा तिथे ती तो दाखवत नाही, काळ्या चौकटी येतात, मग झाडं, गवत. मी ते दोन बैठकांत वाचलं, मधे एक दिवस गेला, वाचवतच नव्हतं.

निळी_शाई
राजाभाऊ, ग्रास लगेच मागवते. डबेवाले, तुमचं वाचून तो खंड पुन्हा उघडला आणि प्रत्येक रिकाम्या जागेत थांबून बघितलं, खरंच तिथे काहीतरी कापलंय. अजून एक विचारते, ऑफिस, नोकरी असलं रोजचं काही?

सोलापुरी_चादर
मिसेंग. दुसरं नाव घ्यायचंच नाही.

मोठं लिहिते, कारण तुम्ही फरक विचारलात आणि मला तो एका खेळातून दिसला. गो नावाचा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, कोरियन त्याला बादुक म्हणतात. जपानचा त्यावरचा गाजलेला मांगा हिकारू नो गो, जंप या मांगा साप्ताहिकात २००३ पर्यंत चालला. शाळकरी पोराला जुन्या पटात हजार वर्षांपूर्वीचा खेळाडू भेटतो आणि पोरगं खेळाडूंच्या जगात वर वर चढत जातं. मला तो अतिशय आवडतो, जंपची सगळी ताकद त्यात आहे, मेहनत, प्रतिस्पर्धी, पुढची पायरी.

यून ते-हो यांचं मिसेंग २०१२ मध्ये दाऊमवर सुरू झालं, आणि ते सुरूच होतं हरण्यापासून. चांग गु-रे लहानपणापासून फक्त बादुक खेळलाय, व्यावसायिक खेळाडू होता आलं नाही, पदवी नाही, आणि ओळखीवर एका व्यापारी कंपनीत इंटर्न म्हणून चिकटतो. बाकी सगळे परदेशी भाषा येणारे, याला झेरॉक्सचं मशीन कळत नाही. मिसेंग म्हणजे पटावरची अशी सोंगटी जी मेली नाही पण अजून जिवंतही धरत नाहीत. पहिल्या पर्वात प्रत्येक भागाच्या सुरुवातीला १९८९ च्या इंग कप या बादुक स्पर्धेच्या अंतिम सामन्यातली एक चाल दिलीये, चो हुन-ह्यॉन विरुद्ध निए वेपिंग, पाचवा डाव, १४५ चाली, म्हणून भागही १४५.

मी स्वतः चार वर्षं कंत्राटावर होते, दर अकरा महिन्यांनी पत्र. त्यात कायम न होणाऱ्या माणसाला सणाच्या भेटीचा वेगळा डबा मिळतो तो प्रसंग आहे, तिथे मी फोन ठेवून दिला होता. वेबटून सापडायला अवघड गेलं तर २०१४ ची मालिका बघा, पण चित्रांतली शांतता वेगळीच.

सगळे मांगा जिंकण्याचे आणि सगळे वेबटून हरण्याचे असं नाही हो, तिकडे सूडाचे आणि श्रीमंत होण्याचे ढीग पडलेत. पण परीक्षा, कर्ज, नोकरी, शाळेतली मारहाण हे विषय कोरियन लेखक फार जवळून लिहितात.

चौकट_राजा
+१. अवांतर: इंग्रजी अनुवादात नाती फार मरतात. ह्यॉन्ग (मुलाने म्हटलेला दादा), नुना (मुलाने म्हटलेली ताई), ओप्पा (मुलीने म्हटलेला दादा), सॉनबे (सीनियर) कोणी कोणाला म्हणतं यावरच अर्धा प्रसंग उभा असतो आणि इंग्रजीत नुसती नावं येतात. आपल्याला दादा-ताई, अहो-जाहो माहीत असल्याने मूळ शब्द ठेवलेला अनुवाद मिळाला तर जास्त कळतं. फक्त ओप्पा प्रियकरालाही म्हणतात, तिथे दादा डोक्यात आणू नका.

शेवटचा_डबा
भीतीदायक म्हणालात म्हणून स्वीट होम. लेखक किम कार्नबी, चित्रं ह्वांग यंग-चान, २०१७ ते २०२०. घरचे सगळे अपघातात गेलेला एकलकोंडा मुलगा जुनाट इमारतीत राहायला येतो आणि माणसं आपापल्या हव्यासाप्रमाणे राक्षस व्हायला लागतात. राक्षस आहेत, पण लेव्हल नाहीत.

आणि एक कळकळीने, अधिकृत अ‍ॅपवरच वाचा. दर आठवड्याला रंगीत भाग द्यायचा म्हणजे स्टोरीबोर्ड, रेषा, रंग, पार्श्वभूमी असे वेगवेगळे हात लागतात, मांगा काढणाऱ्याकडे मदतनीस असतात तसेच पण इथे रंगाचं काम वर. सोलो लेव्हलिंगचे चित्रकार दुबू २०२२ मध्ये गेले. त्यांची पानं, म्हणजे पट्ट्या, मी अजून उघडून बघतो. थांबायची तयारी असेल तर बरेच भाग काही काळाने फुकट उघडतात, काकाओपेज या कोरियन अ‍ॅपने ही पद्धत २०१४ मध्ये आणली. चोरून टाकलेल्या साइटवर चित्रकाराला एक पैसा मिळत नाही.

निळी_शाई
आज सकाळी लोकलमध्ये स्वीट होमचे सहा भाग झाले. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनवर, आणि उभ्याउभ्या पुस्तक कधीच उघडता आलं नसतं हे तेव्हा कळलं. एका ठिकाणी मुलगा दाराच्या भोकातून बाहेर बघतो, तिथे खाली नुसतं काळं येत राहतं, मी अंगठा थांबवला आणि ठाणे गेलं तरी सरकवला नाही.

बोंगचॉन-दोंग काल रात्री वाचलं. किंचाळले. भाऊ धावत आला, त्यालाही वाचायला दिलं.

चादरताई, मिसेंगची मालिका शनिवारी लावतेय, बाबांसोबत. तेही निवृत्त होईपर्यंत हंगामीच होते.