गावातल्या सिनेमासाठी परदेशी चित्रपट सुचवा (भाषेची अडचण आहे)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव साकोली तालुक्यात, धानपट्ट्यात. दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावजत्रा) भरते आणि मग होळीपर्यंत आजूबाजूच्या गावांत कुठं ना कुठं नाटक असतंच. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडायला आलं की संपतं. बाया लेकरं मांडीवर घेऊन, डोक्यावरून शाल ओढून शेवटच्या अंकापर्यंत बसतात. हे मुद्दाम सांगतो, कारण "गावच्या लोकांना गंभीर सिनेमा झेपत नाही" हे मी बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलं आहे आणि मला ते अजिबात मान्य नाही.

वाचनालयाची आम्ही काही मंडळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. तिकीट नाही. प्रोजेक्टर आहे, पडदा आहे, स्पीकर मंडपवाल्याकडून मागून आणतो. डब केलेली मारामारी पोट्टे मोबाइलवर रोजच पाहतात, ती इथं नको. गोष्ट दुसऱ्या देशातली असावी, पण माणसं ओळखीची वाटावीत.

माजिद माजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (इराण, १९९७) लावला होता. बहिणीच्या पायातला बूट नालीच्या पाण्यात पडून वाहत जातो आणि ती त्याच्यामागं धावते, तेव्हा सगळे चिडीचूप. शेवटच्या शर्यतीत तिसऱ्या नंबरला बुटांचं बक्षीस आहे, म्हणून अलीला तिसराच यायचं आहे. तो पुढं निघाला तशी मागून एक आजी ओरडली, "अरे हळू धाव ना बाप्पा!" ह्या आजींना फारसी येत नाही, इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत, मराठी पाटीही अडखळतच वाचतात. तरी नेमकी जागा त्यांना कळली.

पण सगळे सिनेमे इतके सोपे नसतात. त्या दिवशी आमचे एक मास्तर पडद्याजवळ उभे राहून मराठीत सांगत होते. ते गोष्ट समजावून सांगू लागले की पुढचा प्रसंग निघून जायचा, आणि पात्रं बोलत असताना दोन्ही आवाज एकमेकांवर चढायचे.

तर मदत हवी आहे ती अशी. कमी संवादांचे, पण नाट्य भरपूर असलेले परदेशी चित्रपट कोणते? संवाद जास्त असतील तर मराठीत पोचवायची काही पद्धत कुणी वापरली आहे का? आणि जुन्या चित्रपटांना परवानगी लागत नाही म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद : वर्धेकर

कानेतो शिंदो यांचा 'द नेकेड आयलंड' (जपान, १९६०) नक्की लावा. जवळजवळ संवादच नाहीत. एका छोट्या बेटावर एकच कुटुंब, तिथं गोडं पाणी नाही. नवरा-बायको होडीनं दुसरीकडून पाणी आणतात आणि खांद्यावर कावड घेऊन चढण चढतात, रोपांच्या मुळाशी थोडं-थोडं ओततात. एकदा बायकोच्या हातून बादली सांडते आणि नवरा तिला थोबाडीत मारतो. ती काही बोलत नाही, पुन्हा कामाला लागते. सिनेमा संपला की ह्या एका प्रसंगावर बायांना बोलू द्या, पुरुषांना ऐकू द्या. मोठा मुलगा आजारी पडतो तो भागही आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही, डॉक्टर वेळेवर न पोचणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परवानगीचं : आपल्या १९५७ च्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६० चा मोकळा धरायला हरकत नाही, १९९७ च्या इराणी सिनेमाला मात्र हक्कदाराची परवानगी हवी. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात दाखवू नका, ते खातं घरापुरतंच असतं.

प्रतिसाद : नाट्यवेडा, वडसा

भाऊ, उपाय तुमच्या गावातच आहे. प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना आडून संवाद सांगणारा! झाडीपट्टीत अख्खं नाटक त्याच्या भरवशावर उभं राहतं. संवाद कधी सोडायचा, कुठं थांबायचं, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? मराठी संहिता तयार करा, मूळ आवाज कमी ठेवा, आणि एक पुरुष, एक बाई माइकवर बसवा. गोष्ट सांगायची नाही, फक्त संवाद बोलायचे. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून सगळी पात्रं बोलणारे 'बेन्शी' असत, लोक त्यांच्या नावावर गर्दी करत. अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शीच होता.

आणि कुरोसावांचाच 'सेव्हन सामुराई' (१९५४) घ्या. पीक हाती आलं की दरोडेखोर लुटून नेतात, म्हणून शेतकरी लढवय्ये शोधायला निघतात. द्यायला पैसे नाहीत, फक्त पोटभर भात. स्वतः मात्र भरड धान्य खाऊन राहतात. २०७ मिनिटांचा आहे, मध्यंतरही मूळ सिनेमातच आहे. रात्रभर बसणाऱ्यांना तो लांब वाटणार नाही. शेवटी गावात धानाची रोवणी (लावणी) चालते, गाणी म्हणत, वाद्यांच्या तालावर. आपल्या बाया हे पाहून गप्प बसतात का बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आधी 'नेकेड आयलंड' लावतो, त्याला काहीच तयारी नको. 'सामुराई' धान चुरून (मळून) झाल्यावर, प्रॉम्प्टरसोबत. आमच्याकडचे एक जुने प्रॉम्प्टर लगेच तयार झाले, म्हणाले, "संहिता द्या, बाकी माझ्यावर सोडा." आता अडलं आहे ते संहितेवरच. इंग्रजी सबटायटल्सवरून मराठी संवाद लिहायचे आहेत, तोंडात बसतील असे, पुस्तकी नकोत. झाडीबोली येत असेल तर फारच उत्तम. इथं कुणी अर्धा-एक तासाचा भाग वाटून घ्यायला तयार असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाकी भाग मी आणि मास्तर करतो.