छातीतलं पाणी: एडीए वाढला म्हणजे टीबीच का?
फुफ्फुसाभोवती साठलेल्या पाण्यात एडीए (टीबीत वाढणारा एक एन्झाइम) ७० आला म्हणजे टीबीच, असं काही जण धरून चालतात. घाई होतेय. लिम्फोमामुळे (लसीका पेशींचा कॅन्सर) साठलेल्या पाण्यातही एडीए चढतो. एचआयव्हीचा रुग्ण, गाठ कुठेच नाही आणि पाणी पुन्हापुन्हा भरतंय, तर प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा (गाठ न होता पाण्यातच वाढणारा लिम्फोमा) डोक्यात हवाच. ५०-१०० मिली पाणी तपासायला पाठवा, पण सगळं फॉर्मलिनमध्ये (पेशी मारून टिकवणारं द्रावण) ओतू नका. फ्लो सायटोमेट्रीला (पेशींवरच्या खुणा मोजणारी तपासणी) जिवंत पेशी लागतात. तो भाग हेपरिनमध्ये (गोठू न देणारं औषध), लॅबला पोहोचेपर्यंत गार ठेवायचा, पण त्याचा बर्फ होऊ द्यायचा नाही. उरलेल्याचा सेल ब्लॉक (पेशी एकत्र करून मेणात बसवलेला तुकडा). खरी फसगत पुढे: पेशी बी-वंशाच्या (बी-लिम्फोसाइटपासून आलेल्या) असूनही सीडी१९, सीडी२० या बी-पेशींच्या नेहमीच्या खुणा बहुधा निगेटिव्ह, सीडी३० आणि सीडी१३८ मात्र बहुधा पॉझिटिव्ह. मोजक्याच खुणा तपासणाऱ्या छोट्या पॅनेलमध्ये हे निसटतं. सेल ब्लॉकवर एचएचव्ही-८चा (या लिम्फोमामागचा विषाणू) लाना स्टेन, म्हणजे त्याचं प्रथिन दाखवणारा रंग, मागाच. केंद्रकात ठिपके दिसतात. ईबीईआर (एपस्टाइन-बार या दुसऱ्या विषाणूची तपासणी) बहुतेकांत पॉझिटिव्ह, पण नसला म्हणून निदान बाद होत नाही.