शिष्यवृत्तीची सरावपरीक्षा : घरी 118 गुण, शिकवणीत 92. तातडीने मदत हवी आहे

राजारामपुरीकर :
परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, म्हणून थेट मुद्द्याचेच लिहिते. मुलीने पहिल्या पेपरची सरावपरीक्षा दिली. तिने प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा मी घरी उत्तरसूचीशी पडताळल्या, तेव्हा 118 गुण झाले. शिकवणीत मात्र उत्तरपत्रिका तपासून 92 दिले गेले. असे तिसऱ्यांदा घडले आहे. सर म्हणतात, लक्ष कमी पडते. ते कसे वाढवावे, एवढेच सांगावे. अभ्यासाचे सल्ले कृपया नकोत.

पन्हाळ्याचा वारा :
आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असे. 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात. ज्याला पाढे आठवत बसावे लागते, त्याचे लक्ष टिकणार कसे? रोज पहाटे तीसपर्यंतचे पाढे म्हणून घ्यावेत.

गारगोटीकर :
पाढ्यांचा येथे काय संबंध? घोटाळा उत्तरपत्रिकेवर पर्यायांचे गोल रंगवण्यात आहे. माझा मुलगा सगळे गोल शेवटी रंगवत असे. एकदा एक ओळ सुटली आणि पुढची सगळी उत्तरे एका घराने सरकली. प्रश्न सुटला की लगेच गोल रंगवावा.

रंकाळाकाठ :
गारगोटीकरांशी मी सहमत नाही. बॉलपेनने रंगवलेला गोल बदलता येत नाही, त्यामुळे घाई अंगाशी येते. दहा-दहा प्रश्नांच्या टप्प्याने रंगवणे सोयीचे पडते.

कागलची आई :
मुलगी आठवीत असेल, तर एनएमएमएसचाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचाही) अर्ज अवश्य भरावा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो वेळेत काढून ठेवावा.

निवृत्त गुरुजी :
एवढे सल्ले दिले गेले, परंतु मुलीची इयत्ता कोणालाच ठाऊक नाही. ताई, मुलगी पाचवीत आहे की आठवीत? आणि उत्तरसूचीवरून गुण नेमके कसे मोजता, तेही लिहावे.

राजारामपुरीकर :
आठवी. मोजण्यात विचारण्यासारखे काय आहे? क्रमांक जुळला की दोन गुण. काही प्रश्नांपुढे सूचीत दोन क्रमांक छापले आहेत, तेथे त्यांपैकी कोणताही एक जुळला तरी मी गुण धरते.

निवृत्त गुरुजी :
गुण तेथेच जात आहेत. आठवीच्या प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त 20 टक्के, म्हणजे 15 प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकतात आणि ते दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. एकच रंगवला तर शून्य. पाचवीला हा प्रकार नाही, त्यामुळे तेव्हाची सवय मुलांच्या हाताला राहते. तुमचा फरक 26 गुणांचा आहे, म्हणजे 13 प्रश्नांचा. ते काढून पाहावेत. प्रश्न वाचताना ‘दोन पर्याय निवडा’ या सूचनेखाली आधी रेघ ओढायची, एवढी सवय तीन आठवड्यांत नक्की लागेल.

राजारामपुरीकर :
आत्ताच पाहिले. 13 पैकी 11 प्रश्न दोन पर्यायांचेच निघाले आणि त्या सर्वांत तिने पहिले बरोबर उत्तर सापडताच पुढचे पर्याय वाचलेले नाहीत. तिला मी उगीच रागावले. मागील दोन्ही पेपर आता रात्री पुन्हा तपासते.

गारगोटीकर :
म्हणजे उरलेले दोन प्रश्न गोल चुकल्यामुळेच गेले असणार. मी तेच सांगत होतो.